आमच्या घरात शपथ चालत नाही

आमच्या घरात शिव्या चालतात. पप्पा जीप चालवतात, त्यामुळे त्या चालणारच. भाकरी करपली की आईसुद्धा एखादी बारीकशी घालते. पण शपथ चालत नाही. कॉलेजात असताना माझी एक मैत्रीण घरी आली होती. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "आईशप्पथ, काय चहा झालाय!" पप्पा कप खाली ठेवून अंगणात निघून गेले. आई तिला म्हणाली, "बाई, चहा चांगला झाला तर तसं म्हण. त्यात आईला काहून मधी आणती?" मैत्रीण माझ्याकडं बघत राहिली. मी तिला नंतर सगळं सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, कारण सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं.

सुरुवात दारूपासून करू. पप्पा जाफराबाद ते भोकरदन काळी-पिवळी जीप चालवतात. स्टँडवर नंबर लागतो, नंबर आला की गाडी भरायची, भरली की सोडायची. मधला वेळ रिकामा असतो, आणि रिकाम्या वेळात पप्पा बिघडले, असं आई म्हणते. पिऊन मारझोड करणाऱ्यांतले ते नव्हते. ते पिऊन रडायचे. शेजारीण आईला म्हणायची, "तुझं बरं हाये माय, हात तरी उचलत न्हाई." आईला त्याचं काय बरं वाटणार? तिचा नवरा रोज संध्याकाळी तिच्या पायाशी बसून माफी मागायचा आणि दुसऱ्या दिवशी परत पिऊन यायचा. मला शाळेतून आणायचं विसरायचे, मग शाळेचा शिपाई मला सायकलवर घरी सोडायचा. सकाळी उठल्यावर पप्पा मला विचारायचे, "काल मी तुला आणलं न्हाई का?" खरोखर आठवायचं नाही त्यांना.

मी आठ वर्षांची असताना माझ्या मामानं हे प्रकरण हातात घेतलं. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. अंबड तालुक्यातल्या एका गावात त्याची शेती आहे, कापूस आणि सोयाबीनची. माणूस प्रेमळ, पण त्याला प्रत्येक गोष्ट पक्की करून घ्यायची सवय. गुरांचं दावंसुद्धा तो दुहेरी गाठीचं बांधतो. बहिणीच्या नवऱ्याच्या शब्दाला गाठ कशी मारायची, याचा त्यानं बराच विचार केला असावा. एका रविवारी त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. पप्पांना आंघोळ करायला लावली, धोतर नव्हतं म्हणून आपलं धुतलेलं धोतर दिलं, आणि गावातली चार वडीलधारी माणसं बरोबर घेऊन आम्ही सगळे खंडोबाच्या देवळात गेलो.

आमच्याकडं बेल-भंडारा उचलला की तो शब्द देवाच्या दप्तरी गेला असं समजतात. तांब्याच्या ताटलीत बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा ठेवलेला होता. पप्पांनी तो उजव्या हातात घेतला. मग मामा म्हणाला, "असं न्हाई दाजी. दुसरा हात लेकीच्या डोक्यावर ठिवा." मला पुढं ढकलण्यात आलं. पप्पांचा हात माझ्या भांगावर आला. जड आणि गरम होता. पप्पा म्हणाले, "आजपासून दारू पिणार न्हाई. पिलो तर..." आणि थांबले. मामानं वाक्य पुरं केलं, "तर या लेकराचं जे व्हायचं ते होईल." पप्पांनी मान हलवली. पुजाऱ्यानं घंटा वाजवली. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि नारळाचं खोबरं सगळ्यांना वाटलं.

कुणाचंही मन वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. दारूपेक्षा मोठं काहीतरी त्या माणसासमोर ठेवायचं होतं, आणि त्या घरात माझ्यापेक्षा मोठं काही नव्हतं. पप्पांनीसुद्धा ते अगदी मनापासून म्हटलं होतं. परत येताना एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं, खारे शेंगदाणे घेऊन दिले. मी खूश होते. देवानं आमचं काम मनावर घेतलं असं मला वाटलं.

पोळ्याच्या आधी पप्पा पिऊन आले.

त्या दिवशी आई त्यांच्यावर ओरडली नाही. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. इतकं घाबरून तिनं माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. मी पाढे लिहीत बसले होते. तिनं येऊन माझ्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला, आणि आत गेली. मला कुणीच काही समजावून सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. देवळात मी हजर होते.

तेव्हापासून मी माझ्याकडं लक्ष ठेवायला लागले. छातीवर हात ठेवून धडधड बघायची. जेवताना ठसका लागला तरी वाटायचं, हेच ते. आईनं माझ्या दंडात काळा दोरा बांधला, शनिवारी मारुतीला तेल घालायला लागली, खंडोबाला काहीबाही बोलून ठेवलं. पप्पा पीतच होते. पिऊन आल्यावर आता ते आईच्या पायाशी बसायचे नाहीत, माझ्या पायाशी बसायचे. ते रडायला लागले की मला स्वतःचीच दया यायची.

आणि मग खरंच ताप आला. साधासुधा नाही, हाडं मोडणारा. अंगावर लाल पुरळ उठली. जाफराबादच्या डॉक्टरनं जालन्याला न्यायला सांगितलं. तिथल्या दवाखान्यात मला सलाइन लावलं, पेशी कमी झाल्या म्हणाले. मामा गावाहून धावत आला. तो पप्पांशी एक शब्दही बोलला नाही. आई माझ्या उशाशी आणि पप्पा पलीकडं भिंतीला टेकून उभे. दवाखान्यात आल्यापासून त्यांनी घेतली नव्हती, त्यामुळे त्यांचे हात थरथरत होते आणि शर्ट घामानं भिजला होता. राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग पप्पांकडं, आणि नर्सला विचारलं, "यातला पेशंट कोणता?"

आई औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी पप्पांना जवळ बोलावलं. बरेच दिवस विचारायचं होतं ते विचारलं. "पप्पा, तुम्ही शपथ मोडली म्हणून मी मरून राह्यले का?"

पप्पा रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत. त्यांचा चेहरा अगदी कोरा झाला. ते तसेच वळले, डॉक्टरबाईंच्या मागं गेले आणि व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, त्यांना विचारलं, "मॅडम, मी तिच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतल्ती. ती मोडली. त्यानं असं होतं का?" दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरबाई दमलेल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "हे डासानं होतं. डेंग्यू आहे. मुलगी बरी होईल. तुम्ही मात्र होणार नाही, असंच चाललं तर." आणि त्यांनी तिथंच उभ्या उभ्या पप्पांना जालन्यातल्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता सांगितला.

मी बरी झाले. मामा मला आणि आईला आपल्या गावी घेऊन गेला. पप्पा केंद्रात दाखल झाले. मामीनं सगळ्या आळीला सांगितलं की खंडोबानं एक झटका दाखवला आणि माणूस सुधारला. मला ते बरोबर वाटत नव्हतं. झटका तर मला बसला होता.

केंद्रातून सुटल्यावर पप्पा रविवारी आम्हाला भेटायला यायचे. सकाळी जालन्याला दारू सोडलेल्यांची मीटिंग असायची, ती करून एसटीनं अंबडला, तिथून जे मिळेल त्या वाहनानं गावात. ओट्यावर बसायचे. आत या असं कुणी म्हणायचं नाही आणि तेही जायचे नाहीत. मला शाळेचं विचारायचे. आता त्यांना मागच्या रविवारी मी काय सांगितलं ते आठवत असायचं. माझ्या बाईंना पाळीव ससा आहे, हे मी एकदा सहज सांगितलं होतं, तर पुढच्या वेळी त्यांनी सशाची तब्येत विचारली. मी अवाक झाले. माझं बोलणं कुणाच्या डोक्यात आठवडाभर राहू शकतं, ही गोष्टच मला नवीन होती.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी आईनं मामाला ओवाळलं. मामानं ताटात काही टाकलं नाही. म्हणाला, "तुझी ओवाळणी आज दुपारी देतो. पक्की." दुपारी त्यानं त्याच चार माणसांना बोलावलं होतं आणि पप्पांनाही निरोप धाडला होता. ओसरीवर सतरंजी टाकली होती. मधोमध तांब्याची ताटली होती, बेल आणि भंडाऱ्यासहित. ती बघून मी खांबामागं सरकले.

मामा चांगल्या शब्दांत बोलला. "दाजी, तुम्ही सुधारले, मला दिसून राह्यलं. मागचं मागं गेलं. आता या माणसांपुढं एकदा परत हात ठिवा लेकीच्या डोक्यावर, आन् मायलेकीला घेऊन जा. मी सोता गाडी करून देतो."

पप्पा मांडी घालून बसले होते. त्यांनी ताटलीकडं बघितलं. मग म्हणाले, "शपथ न्हाई घेणार."

"काहून?"

"उद्या पिणार न्हाई हे मला म्हाईत न्हाई. आज पिलो न्हाई, एवढं म्हाईत हाये. उद्याचं मी उद्या सांगीन."

चौघांतला एक म्हातारा हसला. "डॉक्टरनं दारूसंगं हिंमतबी काढून घेतली का रे याची?" बाकीचेही हसले. मामा हसला नाही. त्याचा आवाज चढला. "म्हंजे तुमचा प्यायचा इचार हाये! बिलकुल भरोसा न्हाई म्हणता आन् माझी बहीण मागता? साधा हात ठिवायला काय जातं तुमचं?"

पप्पा म्हणाले, "माझं काई जात न्हाई. तिचं जातं. ती माझी लेक हाये, जामीन न्हाई."

मी खांबाला धरून उभी होते. मी माझ्या बापाला किती वेळा खोटं बोलताना ऐकलं होतं याला गणती नाही. गाडी पंक्चर झाली, मित्र आजारी होता, वास औषधाचा आहे. काहीही मिळणार नसताना ते खोटं बोलायचे. आणि आज, एक हात माझ्या डोक्यावर ठेवला की बायको, पोर, जेवणाचं ताट, जावयाचा मान, सगळं परत मिळत होतं, आणि हा माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता. तो हात थरथरत नव्हता. एवढं धैर्य मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. त्या वयात मला धैर्य हा शब्दही नीट माहीत नव्हता, पण पाहत होते ते फार मोठं आहे एवढं कळलं होतं.

मामा उठून उभा राहिला. "मंग जेवा आन् जा. एकटेच जा."

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे होते. ती कधी बैठकीत बोलायची नाही. म्हणाली, "दादा, हा माणूस इतके वर्षं खोटं बोलला तवा तुम्ही त्याच्या पानात तूप वाढलं. आज खरं बोलला तर जा म्हणता?" मग म्हणाली, "माझी ओवाळणी राह्यली तुमच्याकडं. मला लुगडं नको. आम्हाला जाऊ द्या."

भाऊबीजेला बहिणीनं तोंडानं मागितलेलं नाही म्हणता येत नाही. मामा आत निघून गेला. तेच त्याचं हो होतं.

निघताना मात्र माझं एक काम राहिलं होतं. आम्ही पोरं खेळताना शपथ घालायचो, आणि ती ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं असा नियम होता. दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. मी आत गेले. मामा भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडला होता. मी हळूच म्हणाले, "मामा, ती जुनी शपथ सुटली म्हणा ना." तो तसाच पडून म्हणाला, "ती देवापुढची होती. तुमच्या खेळातली न्हाई." म्हणजे माझ्या हिशेबानं ती शपथ अजून माझ्या डोक्यावरच होती. पप्पांना मी हे सांगितलं नाही. ते आमची पिशवी उचलून एवढ्या हलक्या पावलांनी पुढं चालले होते की सांगवेना.

जाफराबादला पप्पांनी परत नंबर लावला. पण त्यांचा नंबर आला की माणसं मागच्या जीपकडं वळायची. तोंडावर कुणी काही बोलत नसे. कुणाला अचानक चहा प्यायचा असायचा, कुणाची पिशवी विसरलेली असायची. पप्पा दार उघडं ठेवून उभे राहायचे आणि शेवटी रिकामाच नंबर सोडून रांगेच्या शेवटी जायचे. मी ते शाळेत जाताना बघायचे. मला लाज वाटायची आणि रागही यायचा, त्या माणसांचा नाही, नेमका कुणाचा ते आजही सांगता येणार नाही.

मग एक भाजीवाली म्हातारी आली. तिला भोकरदनच्या बाजाराला जल्दी जायचं होतं. टोपलं खाली ठेवून ती पप्पांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा कर रे."

सगळं स्टँड बघत होतं. पप्पा वाकले, तिच्या नाकासमोर तोंड नेलं आणि मोठ्यानं "हाऽ" केलं. म्हातारीनं नीट हुंगलं. "तंबाखूचा येतो," म्हणाली, "तीबी सोड," आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागून एक मास्तर बसले, मग दोन बायका. गाडी भरली.

त्यानंतर रोज सकाळी हे चालायचं. म्हातारी नसली तर दुसरं कुणीतरी म्हणायचं. काही टवाळ पोरं नुसती गंमत म्हणून "हा करा ना काका" म्हणायची, बसायचं नसलं तरी. पप्पा त्यांनाही हा करून दाखवायचे. मी एकदा चिडून त्यांना म्हणाले, "तुम्हाला काईच वाटत न्हाई का?" ते म्हणाले, "वाटतं ना. पण त्यांनी बराबर विचारलं. माझ्या गाडीत त्यांचा जीव बसतो." माझ्या वर्गात सगळ्यांचे बाप होते, कुणाचा शेतात, कुणाचा दुकानात. आपला बाप भर चौकात रोज वाकून श्वास तपासून देतो आणि परत ताठ उभा राहतो, हे मी अभिमानानं सांगायला लागले तेव्हा पोरांना मी वेडी वाटले असणार.

घरी संध्याकाळ ही त्यांची अवघड वेळ होती. दिवे लागायच्या सुमाराला ते गूळ-शेंगदाणे घेऊन बसायचे आणि भरपूर बोलायचे. आई चिडवायची, "दारू होती तवा रडायचे, आता कान खाऊन राह्यले." गुळानं त्यांचं पोट सुटलं. ते पोट मला फार आवडायचं.

एकदा घरच्यांना बोलावलं होतं म्हणून आई आणि मी जालन्याच्या मीटिंगला गेलो. तिथं मस्तगड भागात एका भांड्यांच्या दुकानावरची खोली होती. जिना अरुंद, वर प्लास्टिकच्या खुर्च्या. एकेक जण उठून बोलत होता. सळयांच्या कारखान्यातला एक कामगार होता, बियाण्याचं दुकान असलेला एक जाडा गृहस्थ होता, एक निवृत्त हेडमास्तर होते, ज्यांना बघूनच मी पाय जुळवून बसले. आणि ही मोठी माणसं उभी राहून आपण काय काय वाईट केलं ते सांगत होती. हेडमास्तर म्हणाले, आईच्या तेराव्याला मी पिऊन बसलो होतो. आमच्या मुलखात चूक नेहमी दुसऱ्याची असते. संगतीनं बिघडवलं, ग्रह बसले, कुणी करणी केली. इथं प्रत्येक जण "मी" म्हणत होता. मी देवळात गेले होते, कीर्तनाला बसले होते, पण अंगावर काटा आला तो त्या भांड्यांच्या दुकानावर. शेवटी एक नवा माणूस उठला. त्याला दारू सोडून एकच दिवस झाला होता. खुर्चीची पाठ धरून तो उभा होता. त्याच्यासाठी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजल्या.

अशी वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला आमचं घर चारचौघांसारखं दिसत असेल. मला मात्र त्याची सवय झाली नाही. पप्पा सरळ चालत घरी येतात, याचंच मला रोज नवल वाटायचं. आणि आत कुठंतरी ती देवळातली गोष्ट होतीच. ते पीत नाहीत म्हणून मी आहे, असा तो हिशेब. उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहायचे. आईला वाटायचं, पोरीचा बापावर जीव आहे. तो होताच. पण मी स्वतःचा जीव यायची वाट बघत असायचे.

मी आठवीत असताना, लग्नसराईत, पप्पांची जीप एका वऱ्हाडाला ठरली. लग्न आटोपून ते त्या रात्री आलेच नाहीत. आईला फोनवर एवढंच म्हणाले, "सकाळी येतो."

सकाळी मी वेण्या घालत होते. पप्पा आले ते पायी, पहिल्या एसटीतून उतरून. उंबऱ्यावर बसले, आत आले नाहीत. आई भाकरी थापत होती. त्यांनी मला हाक मारली. मी रिबिन तोंडात धरून तशीच समोर जाऊन बसले. तोंडाला वास होता. तो ओळखायला मला म्हातारीची गरज नव्हती.

"मी काल पिलो," पप्पा म्हणाले. "कुणी पाजली न्हाई. दुःख न्हाई, भांडण न्हाई. सगळे खूश होते, मीबी खूश होतो, ग्लास पुढं आला आन् घेतला. गाडी तिथंच ठिवली. चावी नवरीच्या काकाजवळ देऊन आलो."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळायला लागली.

मग पप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला दवाखान्यात मी उत्तर दिलं न्हाई. मला तवा तोंडच न्हव्हतं. आज देतो. पिलो मी. त्याचं जे होईल ते माझं होईल. तुला काई होणार न्हाई. तुझं त्याच्यात काईच न्हव्हतं, कधीच न्हव्हतं."

लपवायला त्यांना सगळी सोय होती. गाव लांबचं, वऱ्हाड परकं, दोन दिवसांनी आले असते तर वास राहिला नसता. हे मी त्याच क्षणी मोजलं, दारुड्याच्या घरातली पोरं हे फार भराभर मोजतात. आणि तरी ते वास घेऊन, पहिली गाडी पकडून, माझ्यासमोर येऊन बसले होते. ओसरीवर त्यांनी शपथ नाकारली त्यापेक्षा हे मोठं होतं. तेव्हा ते दारूपुढं जिंकलेले होते.

आई उठली. जळकी भाकरी बाजूला टाकली. "चहा घ्या आन् जालन्याला जा," म्हणाली. "मीटिंगला." आवाज फाटलेला होता, पण चहात तिनं साखर बरोबर टाकली. पप्पांनी चहा घेतला आणि गेले. तिथं ते नव्या माणसाच्या खुर्चीवर बसले आणि पहिल्यापासून सुरू केलं, हे मला नंतर कळलं.

मी वेणी पुरी केली, भाकरी खाल्ली आणि शाळेत गेले. पहिल्या तासाला मराठीच्या बाईंनी वाचायला उठवलं. मधल्या सुट्टीत कुणीतरी कच्च्या चिंचा आणल्या होत्या, त्यावरून मारामारी झाली आणि मी ती जिंकले. दुपारी कबड्डीत गुडघा फुटला. घरी आले तेव्हा आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "दिवसभर भेली असशील ना गं?"

काय विचारते आहे ते मला पटकन कळलंच नाही. सबंध दिवसात मला एकदाही आठवलं नव्हतं.